'वुमन ऑफ कलर कोटा' असं काही नसतं, आणि तो फॉरवर्ड पुढे ढकलणं बंद करा

साताऱ्याहून भाचीचा मेसेज आला, "मावशी हे खरंय का? खरं असेल तर मी मार्चमध्ये राजीनामाच देते." खाली तोच फॉरवर्ड, अमेरिकेतल्या पीएचडीचा. तो मला आधीही आला होता, शाळेच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर, मग एका चुलत दिरांकडून. तेव्हा दुर्लक्ष केलं कारण चुलत दीर काही पीएचडी करायला निघालेले नाहीत. पण ही पोरगी झेडपीच्या शाळांमध्ये मुलांच्या वाचनावर चांगलं काम करतेय, पगार बेताचा पण वेळेवर होतो, आणि ती असल्या मजकुरावर राजीनामा द्यायला निघाली म्हटल्यावर माझं डोकं फिरलं.

ज्यांच्यापर्यंत पोचला नाही (नशीबवान आहात) त्यांच्यासाठी थोडक्यात: अमेरिकेत शिक्षणशास्त्रात पीएचडी करणाऱ्या भारतीय मुलींना 'वुमन ऑफ कलर' (म्हणजे गोरी नसलेली बाई) कोट्यातून हमखास प्रोफेसरची नोकरी मिळते, फेलोशिप आपोआप लागते, जीआरई ही प्रवेश परीक्षा नाही, गणित नाही, विषय सोपा, आपलं इंग्लिश चांगलं म्हणून शिकवताना त्रास नाही, आणि 'यशाचे तीन मंत्र' म्हणजे कुठल्याही कमिटीला नाही म्हणू नका, एक गॉडफादर पकडा, आपल्या संस्कृतीवर रिसर्च करा. पुरावा म्हणून इतिहासकार शैलजा पाईक यांचा फोटो. सगळ्यात शेवटी एका कन्सल्टन्सीचा मोबाईल नंबर, तिथेच खरं तर कळायला हवं होतं.

मी इथे अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या एका सरकारी युनिव्हर्सिटीत शिक्षणशास्त्र शिकवते, संशोधन करते, अजून टेन्युअर (कायम नेमणूक) व्हायचंय. त्यामुळे हे जरा आतून सांगते.

आधी कोटा. इथे नोकरीत वंशावर आधारित कोटा ठेवणं बेकायदेशीर आहे, १९६४ च्या सिव्हिल राइट्स ॲक्टपासून. ॲडमिशनमधला राखीव जागांचा कोटा सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्येच बकी खटल्यात रद्द केला, आणि ॲडमिशन देताना वंश विचारात घ्यायची जी काही मुभा उरली होती तीही जून २०२३ मध्ये हार्वर्डच्या निकालाने गेली. म्हणजे हा जो कोटा आपल्या ग्रुपवर फिरतोय तो नेमका कुठल्या ऑफिसात मिळतो हे फॉरवर्ड लिहिणाऱ्यालाच ठाऊक. गंमत म्हणजे ज्या ग्रुपवर भारतातल्या आरक्षणाच्या नावाने रोज बोटं मोडली जातात त्याच ग्रुपवर अमेरिकेतल्या ह्या काल्पनिक कोट्यावर हार्ट पडलेत.

बरं, कोटा नसेल पण हवा तरी बायकांच्या बाजूची असेल, असं कुणी म्हणेल. तर अमेरिकेच्या सरकारी शिक्षण सांख्यिकी केंद्राचे, म्हणजे एनसीईएसचे, २०१८ चे आकडे बघा. पूर्णवेळ नोकरीतले जे फुल प्रोफेसर, म्हणजे सगळ्यात वरच्या पदावरचे, त्यात गोरे पुरुष ५३ टक्के, गोऱ्या बायका २७ टक्के. आशियाई बायका, पॅसिफिक बेटांवरच्या धरून, ३ टक्के. काळ्या बायका २ टक्के, हिस्पॅनिक बायका १ टक्का किंवा त्याहून कमी. हे सगळ्या विषयांचे मिळून आहेत, नुसत्या शिक्षणशास्त्राचे नाहीत, पण हमखास नोकरीचा कोटा असता तर कुठेतरी दिसला असता ना. आणि त्या ३ टक्क्यांत चिनी, कोरियन, व्हिएतनामी, आपण, सगळ्या आल्या.

फेलोशिपचं तर बोलायलाच नको. अल्पसंख्याकांसाठीच्या ज्या नावाजलेल्या फेलोशिप होत्या किंवा आहेत त्यांना नागरिकत्व नाहीतर ग्रीनकार्ड लागतं. फोर्ड फाउंडेशनची चांगली नावाजलेली होती, तिने तर नवे अर्ज घेणंच बंद केलं. एफ-वन, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर आलेल्या मुलीला त्यातलं काहीही मिळत नाही, वर्ण कुठलाही असो.

आता तो फोटो. शैलजा पाईक यांना २०२४ मध्ये मॅकआर्थर फेलोशिप मिळाली, ८ लाख डॉलर, हे खरं. पण त्या फेलोशिपला अर्जच करता येत नाही, लोक गुपचूप नावं सुचवतात आणि एक दिवस थेट फोन येतो. दुसरं, त्या येरवड्यात वाढल्या, दलित वस्तीत, पुण्यात शिकल्या, पीएचडी इंग्लंडमध्ये वॉरिकला केली, २०१० पासून सिनसिनाटीत इतिहास शिकवतात आणि दलित स्त्रियांच्या शिक्षणावर त्यांचं वर्षानुवर्षांचं काम आहे. ह्यात अमेरिकन कोटा कुठून आला? आणि त्यांच्या वाटेत जी जात आडवी आली ती घरात इमानेइतबारे पाळणारे लोक आज 'आपली मराठी मुलगी' म्हणून त्यांचा फोटो फिरवतात तेव्हा मला खरंच काय बोलावं कळत नाही. मी स्वतः सवर्ण घरातली आहे. इथे मी 'वुमन ऑफ कलर' आणि गावी आमच्या वाड्याच्या ओसरीवर कोण कुठपर्यंत येऊ शकायचं हे मला माहितीये, तेव्हा त्यांच्या आणि माझ्या वाटेला एकच नाव देणं मला तरी जमत नाही.

इंग्लिशबद्दल. आपलं इंग्लिश चांगलं असतं, मान्य. पण ऐकणारा कानाने ऐकतो असं समजू नका. जॉर्जिया विद्यापीठातल्या डोनाल्ड रुबिन यांनी १९९२ मध्ये एक प्रयोग छापला, विद्यार्थ्यांना एकाच बाईच्या आवाजातलं रेकॉर्ड केलेलं लेक्चर ऐकवलं, बाई ओहायोची, जन्मापासून इंग्लिश बोलणारी. काहींना समोर गोऱ्या बाईचा फोटो दाखवला, काहींना आशियाई बाईचा. आशियाई फोटो बघणाऱ्यांना त्याच आवाजात परदेशी ॲक्सेंट ऐकू आला, आणि लेक्चर समजण्यातही ते मागे पडले. टेप तीच! आता अशा मुलांनी सेमिस्टरच्या शेवटी भरलेले फीडबॅक फॉर्म तुमच्या टेन्युअरच्या फाईलमध्ये जातात. ह्यावर ॲक्सेंट बदलायचा क्लास लावणं हा उपाय नाही. उपाय हा की सेमिस्टरच्या मध्यावर आपणच मुलांकडून लेखी मतं घ्यायची, एखाद्या सीनियर सहकाऱ्याला वर्गात येऊन बसायला सांगायचं आणि त्याचं पत्र फाईलला लावायचं, म्हणजे फाईलमध्ये फक्त ते आकडेच उरत नाहीत.

आणि आता तो मंत्र, ज्याच्यामुळे मी हे लिहायला बसले. "कुठल्याही कमिटीला नाही म्हणू नका, सगळ्यांच्या नजरेत याल." हा सल्ला नुसता चुकीचा नाहीये, ह्याने नोकरी जाते.

इथली पद्धत अशी आहे की लागल्यावर साधारण सहाव्या वर्षी टेन्युअरचा निर्णय होतो, कायम किंवा घरी. कागदावर तीन गोष्टी बघतात, संशोधन, शिकवणं आणि सेवा, पण रिसर्च युनिव्हर्सिटीत खरा तराजू पेपरांचा. कमिटीची कामं सेवेत मोडतात आणि सेवा कमी पडली म्हणून कुणाला काढल्याचं मी अजून ऐकलेलं नाही. पेपर कमी पडले म्हणून काढल्याचं मात्र ऐकलंय. आणि बिगरगोरी बाई डिपार्टमेंटला एखाददुसरीच असते, त्यामुळे प्रत्येक सिलेक्शन कमिटीला ती हवी, डायव्हर्सिटीच्या प्रत्येक बैठकीला ती हवी, ब्रोशरच्या फोटोलाही तीच. एकत्र कुटुंबातल्या थोरल्या सुनेचं जसं होतं, सगळे म्हणतात हिच्यावाचून पान हलत नाही, आणि वाटणीच्या वेळी हिचं नाव कुणाला आठवत नाही.

हे माझं रडगाणं नाही. स्टॅनफर्डचे अमाडो पडिया यांनी १९९४ मध्ये 'एज्युकेशनल रिसर्चर' ह्या जर्नलमध्ये ह्याला 'कल्चरल टॅक्सेशन' म्हटलं. अल्पसंख्य प्राध्यापकांवर संस्था जास्तीची जबाबदारी टाकते, वंश-संस्कृतीचा विषय निघाला की तज्ज्ञ तुम्हीच, त्या समाजातल्या विद्यार्थ्यांचे आणि बाहेरच्या लोकांचे दुवे तुम्हीच, आणि ह्याचं श्रेय मिळेलच असं नाही. तीस वर्षं उलटून गेली. आणि आपला फॉरवर्ड सांगतोय की हा टॅक्स आनंदाने भरा आणि वर पावतीसुद्धा मागू नका.

जवळून कसं दिसतं ते सांगते. दुपारी पेपरची रिव्हिजन उघडून बसले होते, दार किलकिलं करून एक मुलगी आत आली. माझ्या वर्गातली नाही, बीएडसारखा कोर्स असतो त्यातली, आईवडील नायजेरियाचे. ज्या शाळेत तिला सरावपाठासाठी पाठवलं होतं तिथल्या शिक्षिकेने तिच्या केसांवरून सगळ्या वर्गासमोर काहीतरी बोललं होतं. माझ्याकडे का आली? कारण त्या मजल्यावर गोरी नसलेली मी एकटी. मी काय तिला 'अपॉइंटमेंट घे' म्हणणार? संध्याकाळपर्यंत बसलो, फोन केले, शाळा बदलून मिळाली. वर्षाच्या शेवटी कामाचा अहवाल भरायला बसले तर सेवेच्या रकान्यात तीनच कॉलम, कमिटीचं नाव, भूमिका, तास. ती दुपार ह्यातल्या कुठल्या कॉलममध्ये लिहायची?

तेव्हा एका सीनियर काळ्या सहकारी बाईंनी मला जे शिकवलं तेच मी भाचीला सांगितलं. पहिलं, कुठल्याही कामाला जागच्या जागी हो म्हणायचं नाही, "उद्या सांगते" म्हणायचं. मग विचारायचं की हे काम आधी कोण करत होतं आणि त्याने का सोडलं, हे घेतलं तर माझं दुसरं कुठलं काम कमी करणार, आणि हे लेखी कोण देणार. बाई म्हणाल्या, तिसऱ्या प्रश्नापर्यंत बरीच कामं आपोआप दुसऱ्याकडे जातात. आणि विद्यार्थ्यांचं जे करतेस ते सोडू नकोस, पण तारीख टाकून लिहून ठेव, आणि अहवालात कॉलम नसला तर वेगळं पान जोड.

गॉडफादरचं थोडक्यात. एकच मोठा माणूस धरून बसलात आणि तो रिटायर झाला, रुसला किंवा दुसऱ्या युनिव्हर्सिटीत गेला की तुमचं काय? केरी ॲन रॉकमोर, प्राध्यापकांना ट्रेनिंग देणारी मोठी संस्था ज्यांनी काढली, त्यांचं सांगणं नेमकं उलट आहे: एका गुरूच्या शोधात राहू नका, लिखाण वाचायला कोण, पैशाचं-ग्रँटचं सांगायला कोण, मन मोकळं करायला कोण, असं वेगवेगळ्या माणसांचं जाळं विणा आणि लिहायला रोज थोडा वेळ राखून ठेवा. मला तरी हे लागू पडलंय.

'विषय सोपा, गणित नाही' ह्याला उत्तर द्यायची इच्छा नाही. मल्टिलेव्हल मॉडेलिंग ह्या संख्याशास्त्रातल्या पद्धतीच्या परीक्षेला बसा, मग बोलू.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करते. शिक्षणशास्त्रात बिगरगोऱ्या बायका दुसऱ्या बऱ्याच विषयांपेक्षा जास्त दिसतात आणि वरपर्यंत पोचल्यात, ग्लोरिया लॅडसन-बिलिंग्ज २००५-०६ मध्ये अमेरिकन एज्युकेशनल रिसर्च असोसिएशनच्या अध्यक्ष होत्या, नंतर व्हनेसा सिडल वॉकर, नाइला नासिर. आणि 'आपल्या लोकांवर रिसर्च करा' ह्यातही तथ्य आहे, काळ्या मुलांना उत्तम शिकवणाऱ्या शिक्षकांवरच लॅडसन-बिलिंग्ज यांनी काम केलं आणि आज ते जगभर वाचलं जातं. पण त्यांनी आठ शिक्षकांच्या वर्गांत वर्षानुवर्षं बसून ते उभं केलं. गणपतीच्या आरासीवर पीपीटी करा असा त्याचा अर्थ होत नाही.

आणि हे सगळं फिरतंय कधी, तर २०२५ नंतर! त्या फेब्रुवारीत इथल्या शिक्षण खात्याच्या संशोधन संस्थेची ८९ कंत्राटं एका फटक्यात रद्द झाली, सुमारे ८८ कोटी डॉलरची. मार्चमध्ये खात्याचे जवळपास निम्मे कर्मचारी कमी करायचं जाहीर झालं. वर ज्यांचे आकडे दिले ते एनसीईएस बोटावर मोजण्याइतक्या माणसांवर आलं. संशोधनाला सरकारी पैसा देणाऱ्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने रद्द केलेल्या ग्रँटमध्येही शिक्षणाच्या ग्रँट सगळ्यात जास्त भरडल्या गेल्या. डायव्हर्सिटी हा शब्द वेबसाईटवरून पुसायची घाई चाललीय आणि आपल्याकडे त्याच शब्दाच्या नावावर कन्सल्टन्सी फी घेतेय.

भाचीला येऊ नकोस असं मी म्हटलेलं नाही. तिच्याकडे प्रश्न आहे, वर्षानुवर्षं शाळांमध्ये बघून तयार झालेला, आणि तो ह्या विषयात कुठल्याही जीआरईपेक्षा मोठा. पण राजीनाम्याच्या आधी चार गोष्टी विचार म्हटलं. पीएचडी आहे की एडडी (डॉक्टर ऑफ एज्युकेशन), कारण पीएचडीला बऱ्याच ठिकाणी फी माफ आणि स्टायपेंड मिळतो, एडडीला सहसा खिशातून भरावं लागतं. पैसे किती वर्षांचे आणि पत्रात तसं लिहिलंय का, का नुसतं 'अपेक्षित' म्हटलंय. ज्या प्रोफेसरबरोबर काम करायचंय तिची ग्रँट अजून चालू आहे का. आणि आय-ट्वेंटीवर (विद्यार्थी व्हिसासाठी युनिव्हर्सिटी देते तो फॉर्म) कोर्सचा कोड कुठला पडणार, कारण करिक्युलम अँड इन्स्ट्रक्शनचा १३.०३०१ असेल तर डिग्रीनंतर कामाला एकच वर्ष मिळतं, संशोधन-मूल्यमापनाचा १३.०६०१ किंवा संख्याशास्त्र-संशोधन पद्धतींचा १३.०६०३ असेल तर ते स्टेमच्या (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) यादीत आहेत, आणखी दोन वर्षं वाढवून मिळू शकतात. कन्सल्टन्सीला फोन करून हा कोड विचार म्हटलं. तिने विचारला. तिकडचा माणूस म्हणाला, "मॅडम, आधी रजिस्ट्रेशन करून घ्या, मग कोड सांगतो."