मँडोलिनबद्दलच्या तुमच्या अभिप्रायाला दुकानमालकाचं उत्तर

नमस्कार.

तुमचा अभिप्राय परवा रात्री दुकान बंद केल्यावर वाचला. काल सकाळी शटर वर केलं आणि सगळ्यात आधी तुम्ही वाजवून पाहिलेली चारही मँडोलिन भिंतीवरून उतरवून टेबलावर घेतली. म्हणून उत्तराला एक दिवस उशीर झाला. वाद्यं न पाहता उत्तर देणं मला बरोबर वाटलं नाही.

तुम्ही दोन तारे दिलेत. तुम्ही लिहिलंत की नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या दुकानात मँडोलिन घ्यायला आलात, तर चारपैकी एकाचंही नाव ओळखीचं नव्हतं, एकही सुरात नव्हतं, दोघांच्या तारा गंजलेल्या होत्या. एकावर बाराव्या पडद्याजवळ, म्हणजे मानेवरच्या बाराव्या आडव्या पट्टीजवळ, प्रत्येक सूर चढा लागत होता. दोघांवर तारा इतक्या उंच होत्या की दहा मिनिटांत बोटं दुखली. काउंटरवरच्या मुलाला काही विचारलं तर उत्तर येत नव्हतं. शेवटी तुम्ही लिहिलंत, ‘नाव नसलेली वाद्यं गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायचा हा प्रकार आहे, याहून ऑनलाइन स्वस्त मिळतं.’

शेवटचं वाक्य सोडलं तर तुमचं सगळं खरं आहे.

आधी गंजाचं सांगतो, कारण बाकीचं बरंच त्यातूनच निघालं. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ च्या पुढे जातो, हे तुम्हाला सांगायला नको. दुकानात मोठा कूलर आहे. दाराशी उभ्या गिऱ्हाइकाला गार वाटावं म्हणून यंदा मी तो जागेवरून हलवला आणि त्याचा झोत थेट डाव्या भिंतीवर जाऊ लागला. डाव्या भिंतीवर मँडोलिन टांगलेली असतात. दिवसभर ओली हवा, रात्री कूलर बंद झाला की भट्टीसारखी कोरडी हवा. लाकूड ओलं झालं की फुगतं, कोरडं पडलं की आकसतं. मँडोलिनची वरची पाटी फुगून वर उचलली की घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती लाकडी पट्टी, वर जाते आणि घोडीबरोबर तारा. काल मी मोजलं. तुमची बोटं ज्यांच्यावर दुखली त्या दोन्ही वाद्यांवर बाराव्या पडद्यापाशी तारांची उंची ३ मिलिमीटरच्या आसपास होती. ती दीड ते दोन असायला हवी. तारा लोखंडी असतात, त्यांना त्या ओल्या हवेनं गंज चढला. कूलर मी हलवला होता. त्यामुळे यात काउंटरवरच्या मुलाचा काही दोष नाही, वाद्य बनवणाऱ्याचा तर मुळीच नाही.

बाराव्या पडद्याची तुमची तक्रार वाचून मला खरं तर आनंद झाला. इतकं कान देऊन ऐकणारं माणूस दुकानात आलं होतं आणि मी त्या वेळी मागच्या खोलीत एका पेटीचा भाता दुरुस्त करत बसलो होतो, याचं वाईटही वाटलं. मँडोलिनची घोडी चिकटवलेली नसते, हे अनेकांना माहीत नसतं. आठ तारांच्या दाबानं ती पाटीवर उभी असते. ताण सत्तर-ऐंशी किलोच्या घरात असतो म्हणून ती पक्की वाटते, पण धूळ पुसताना जरा जोर लागला तर सरकते. त्या वाद्याची घोडी मानेच्या दिशेनं २ मिलिमीटर सरकली होती, जुन्या खुणेवरून ते स्पष्ट दिसत होतं. २ मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण मँडोलिनची वाजती तार असते जेमतेम ३५ सेंटिमीटर. इतक्या आखूड तारेवर तेवढ्या सरकण्यानं बाराव्या पडद्याचा सूर अर्ध्या स्वराच्या दहाव्या हिश्शाइतका चढतो. गिटारवर एवढी गडबड कळायला वेळ लागतो. मँडोलिनवर लगेच कळते, आणि तुम्हाला ती कळली.

काल घोडी जागेवर आणली. मोकळ्या तारेवर बाराव्या पडद्यापाशी बोट नुसतं टेकवून निघणारा सूर आणि तीच तार तिथं दाबून निघणारा सूर तंतोतंत एक होईपर्यंत ती केसाकेसानं हलवत राहिलो. चारही वाद्यांना नव्या तारा चढवल्या. एकेक तार काढून तिच्या जागी नवी लावत गेलो, कारण सगळ्या तारा एकदम काढल्या तर घोडी हातात येते. उंच तारा घोडीची उंची कमी-जास्त करायच्या चाकांवरून खाली घेतल्या. संध्याकाळपर्यंत ऐकत होतो. तुम्ही ऐकलीत ती हीच वाद्यं, असं म्हणायला माझं मन धजत नाही.

आता तुमच्या त्या शेवटच्या वाक्याबद्दल. ते मला लागलं, आणि लागलं म्हणूनच सविस्तर लिहितो.

आपण मिरजेचा तंबोरा घेतो तेव्हा त्याच्यावर कुठल्या कंपनीचा शिक्का आहे ते बघतो का? भोपळा बघतो, जवारीचा गुंजणारा नाद ऐकतो, आणि ज्याच्या हातून तो घडला त्या घराण्यावर विश्वास ठेवतो. ते घराणंही आपल्याला एखाद्या गाणाऱ्या माणसाकडून कळलेलं असतं. मँडोलिनच्या बाबतीत मात्र आपण मोठी नावं शोधतो. त्यालाही कारण आहे. ऑर्व्हिल गिब्सननं अमेरिकेत कॅलामझूला व्हायोलिनसारख्या कोरलेल्या पाटीची मँडोलिनं करायला सुरुवात केली, आणि १९२२ मध्ये लॉइड लोअरच्या देखरेखीखाली गिब्सन कंपनीच्या तिथल्याच कारखान्यात एफ-५ नावाचं मँडोलिन तयार झालं. व्हायोलिनसारखी दोन लांबट भोकं आणि खांद्यावर लाकडाचा गोल वळसा. आजही जगभरचे कारखाने त्याचीच नक्कल करतात. तुम्हीही मुलाला तसंच ‘वळशाचं’ मँडोलिन मागितलंत, असं त्यानं सांगितलं.

त्या वळशाला कोरण्याची मजुरी प्रचंड लागते, पण आवाजात त्याचा वाटा नगण्य असतो. तेवढ्याच पैशांत थेंबाच्या आकाराचं साधं मँडोलिन घेतलं तर लाकूड अधिक चांगलं मिळतं. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. तुम्हाला सांगता आलं नाही.

तुम्ही पाहिलेल्या चारांपैकी पहिलं कोलकात्याचं. तिथं रवींद्र सरणीवर पिढ्यान्‌पिढ्या वाद्यं करणारे कारागीर आहेत. त्यातल्या एका छोट्या कारखान्यातून मी वर्षाला पाच-सहा नग आणतो. आत कागदी चिठ्ठीही नसते. पाठ सपाट, पाटी प्लायची. शिकणाऱ्यासाठी ठीक आहे, त्यापेक्षा जास्त मी त्याबद्दल बोलणार नाही. दुसरं आणि तिसरं चिनी बनावटीची. दिसायला जुळी, पण एकाची पाटी अखंड लाकडाची आणि दुसऱ्याची थर चिकटवलेली. फरक ओळखायचा असेल तर भोकाची कड बघायची. वरच्या रेषा कडेवरून तशाच खाली उतरत असतील तर लाकूड अखंड, सँडविचसारखे थर दिसले तर प्लाय. दोन्हींच्या किमतींत जवळपास दुपटीचा फरक आहे आणि त्यांवर तसं लिहिलेलं नव्हतं. ही चूकही माझीच, आजपासून प्रत्येक वाद्यावर चिठ्ठी आहे.

चौथ्याबद्दल मात्र मला बोललंच पाहिजे. तुम्ही त्याला ‘कुठलंतरी जुनं, विचित्र आकाराचं’ म्हटलंत. ते रुमानियातल्या रेगिन गावचं आहे. तिथली व्हायोलिनं बऱ्याच देशांत जातात. हे मँडोलिन एका निवृत्त रेल्वे अधिकाऱ्यांनी पुष्कळ वर्षं वाजवलं आणि डोळ्यांना नोटेशन दिसेना तेव्हा माझ्याकडे आणून दिलं. सपाट पाठीचं, मधोमध अंडाकृती भोक असलेलं. तुम्ही लिहिलंत की तुम्हाला भावगीतांना साथ करायची आहे आणि जुन्या हिंदी गाण्यांतले मँडोलिनचे तुकडे वाजवायचे आहेत. त्यासाठी या चारांत मी तुमच्या हातात देईन ते हेच. लांबट भोकांच्या मँडोलिनचा आवाज तासून काढल्यासारखा पुढे येतो, बँडमध्ये दहा वाद्यांतून ऐकू जातो. अंडाकृती किंवा गोल भोकाचा आवाज जरा भरीव, जरा जास्त वेळ टिकणारा. गाणाऱ्याच्या मागे तो शोभतो.

त्या जुन्या तुकड्यांतली ती थरथर आठवा. संगीतकार सज्जाद हुसेन स्वतः मँडोलिन वाजवत, लक्ष्मीकांत-प्यारेलालमधले लक्ष्मीकांत संगीतकार होण्याआधी मँडोलिनवादकच होते. ती थरथर पिकच्या, म्हणजे तार छेडायच्या छोट्या पट्टीच्या, वेगातून येते हे खरं, पण मँडोलिनच्या आठ तारा दोन-दोनच्या जोडीत असतात आणि जोडीतल्या दोन्ही तारा अगदी एका सुरात नसतील तर ती मधमाश्यांच्या गुणगुणीसारखी लागते. यू. श्रीनिवास यांनी कर्नाटक संगीतासाठी जोड्या सोडून पाच एकेरी तारांचं इलेक्ट्रिक मँडोलिन घेतलं, तो वेगळा रस्ता. आपल्याकडच्या आठ तारांच्या वाद्यावर मात्र सगळी गंमत जोडीत आहे. गंजलेल्या जोड्या सुरात लावता येत नाहीत, कितीही पिळा. म्हणजे त्या शनिवारी तुम्ही जे ऐकलंत ते रेगिनच्या कारागिराचं काम नव्हतं, कोलकात्याच्याही नव्हतं. माझ्या हलगर्जीपणाचा आवाज होता तो, आणि नाव मात्र त्यांचं खराब झालं. मला सगळ्यात जास्त खुपतंय ते हे.

किमतीचं थोडक्यात सांगतो. तुम्ही म्हणता ती ऑनलाइन किंमत मीही तपासली, आमच्यापेक्षा १,८०० रुपयांनी कमी आहे. खोक्यातून आलेल्या मँडोलिनची घोडी बहुतेक वेळा आडवी पडलेली असते आणि मानेच्या टोकाच्या खाचा उथळ असतात, त्यामुळे पहिल्या पडद्यावरच तार दाबताना जोर लागतो. त्या खाचा घासणं, घोडी बसवणं, नव्या तारा, आणि पहिल्या पावसाळ्यानंतर एकदा पुन्हा सगळं तपासणं, हे आमच्या किमतीत येतं. हे काम तुम्ही स्वतः करू शकत असाल तर ऑनलाइन जरूर घ्या, मी मनापासून सांगतो. पण तुम्हाला दाखवलेल्या वाद्यांवर हे काम झालेलंच नव्हतं, तेव्हा जास्त पैसे कशाचे, असं तुम्हाला वाटणं साहजिक होतं.

काउंटरवर होता तो माझा भाचा. सुट्टीत मदतीला येतो, तबल्याचं त्याला चांगलं कळतं, मँडोलिनचं नाही. त्याला आता एकच सांगितलं आहे, गिऱ्हाइकाच्या हातात तारवाद्य देण्याआधी मला हाक मारायची. कूलरची दिशा बदलली आहे. डाव्या भिंतीवर आता हार्मोनियमची शेल्फं आहेत, तीही झोतापासून दूर. मँडोलिन काचेच्या कपाटात आहेत आणि आत हवेतला ओलावा दाखवणारं छोटं घड्याळ लावलं आहे. आज दुपारी ते ४८ टक्के दाखवत होतं, म्हणजे हवं तिथं आहे.

तारे बदला असं मी म्हणणार नाही. जो अनुभव आला तो तुम्ही लिहिलात.

रेगिनचं मँडोलिन १५ जूनपर्यंत कुणालाही दाखवणार नाही, ते तुमच्यासाठी बाजूला ठेवलं आहे. घ्यायलाच हवं असं नाही. सकाळी अकराच्या आत आलात तर बडकस चौकातली गर्दी कमी असते आणि कूलरही बंद ठेवता येतो, त्यामुळे नीट ऐकू येईल. आधी तुम्ही वाजवा, मग मी वाजवतो आणि तुम्ही समोर पाच पावलांवर उभं राहून ऐका, कारण या वाद्याचा खरा आवाज पुढे जातो, वाजवणाऱ्याला तो पूर्ण कळत नाही. येताना तुमच्या सवयीचं पिक घेऊन या. आमच्याकडची आहेत, पण पातळ पिकनं त्या जाड तारा नीट बोलत नाहीत.