फादरांना चादरी द्याव्यात, जामीन मात्र राहू नये

सोलापूरच्या कारागृहात नेमाने जाणारे एखादे फादर तुमच्या परिचयाचे असतील, तर त्यांचा आदर अवश्य करावा आणि तो शक्यतो नाताळच्या आठवड्यात करावा. त्या दिवसांत थंडी असते, चादर ही तर आपल्या गावचीच वस्तू आहे, आणि घाऊक भावाने घेतलेला गठ्ठा कैद्यांसाठी फादरांच्या हाती सोपवताना अंगी एक प्रकारचे तेज येते. आत फोटो काढू देत नाहीत, म्हणून तो फाटकाबाहेरच उरकून घ्यावा. देणगीची पावती मागण्यात संकोच करू नये.

येथून पुढे मात्र सावध असावे, कारण चादरी वाटून झाल्यावर त्या पांघरणारे आत का आहेत, हे विचारण्याची या मंडळींना खोड असते. देशातील तुरुंगांत दर चार बंद्यांपैकी सुमारे तिघे कच्चे कैदी आहेत, म्हणजे त्यांचा गुन्हा अद्याप शाबीत व्हायचा आहे, असे ते चहा घेता घेता सांगू लागतील. त्यांतल्या कित्येकांना जामीन मंजूरही झालेला असतो. परंतु पंधरा हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार, या ओळीतला जामीनदार काही केल्या उभा राहत नाही. अशा वेळी तुम्ही बशीतल्या कडक भाकरीचा तुकडा मोडावा आणि यंदाच्या उन्हाळ्याचा विषय काढावा.

तरीही ते थांबले नाहीत, तर शहराच्या तेलुगूभाषक पूर्व भागातल्या एखाद्या विडी वळणाऱ्या बाईची हकिगत ऐकण्याची तयारी ठेवावी. ही बाई दिवसाच्या हजार विड्यांची मजुरी बुडवून तुरुंगात नवऱ्याच्या मुलाखतीला येते, मांडीवर पोर घेऊन नाव पुकारण्याची वाट पाहत बसते, आणि अर्ज मराठीत असल्यामुळे फादर तो तिला तेलुगूत समजावून भरून देतात. जाळीपलीकडून नवरा एकच गोष्ट विचारतो : कोणी मिळाला का? हे ऐकून डोळ्यांत पाणी आल्यास येऊ द्यावे, त्याला खर्च नाही. खिशातून पाचशेची नोट काढून बाईला द्या म्हणावे. फादरांना नोट नको असते, जामीनदार राहण्यासाठी तुमचा ऐपतीचा दाखला हवा असतो, हे समजले तरी समजल्याचे दाखवू नये.

कायद्याचे बोलणे निघाले, तर अज्ञान हाच सज्जनाचा आधार होय. जन्मठेप वा फाशीचे गुन्हे आणि एकाहून अधिक प्रलंबित खटले वगळता, यापूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या माणसाने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला बंधपत्रावर सोडावे, असे नव्या नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४७९ सांगते; साध्या चोरीच्या आरोपात हा काळ एक वर्षाचा होतो. जामिनाची रक्कम भरू न शकणाऱ्या गरीब कच्च्या कैद्यासाठी ४०,००० रुपयांपर्यंत मदत देणारी केंद्राची योजनाही २०२३ मध्ये सुरू झाली. हे सर्व फादरांना पाठ असते. आपण मात्र “शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये” एवढे म्हणून हात जोडावेत. जो महिन्यातून दोनदा हातकडीत ती पायरी चढतो, त्याच्या शहाणपणाची चौकशी करण्याचे आपल्याला कारण नाही.

आरोपीचा पत्ता अवश्य विचारावा. तो ‘सेटलमेंट’चा, म्हणजे एकेकाळी ‘गुन्हेगार जमातीं’ना तारेच्या कुंपणात ठेवलेल्या वस्तीचा, निघाल्यास तुमचे काम सोपे झाले. माणसाला जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा १८७१ पासूनचा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला आणि तारेचे कुंपण निघाले, हे खरे. पण पत्ता ऐकून भुवई उंचावण्यावर कोणत्याही कायद्याने बंदी घातलेली नाही.

धर्मांतराची शंकाही हाताशी ठेवावी, फक्त तिची वेळ चुकवू नये. नातवाच्या प्रवेशासाठी फादरांच्या शाळेत खेटे घालत असताना ती मनातही आणू नये; त्यांनी जामीनदार मागितला, की त्याच संध्याकाळी चारचौघांत बोलून दाखवावी.

फारच जवळीक असेल, तर “फादर, जपा” असे प्रेमाने सुचवावे आणि स्टॅन स्वामींचे उदाहरण द्यावे. झारखंडमधल्या कच्च्या कैद्यांसाठी न्यायालयात गेलेले हे येशूसंघी फादर ऑक्टोबर २०२० मध्ये स्वतःच कच्चे कैदी होऊन तळोजा कारागृहात आले. कंपवाताने हातात पेला ठरत नसल्यामुळे त्यांना स्ट्रॉ आणि सिपरसाठी न्यायालयात अर्ज करावा लागला, आणि ५ जुलै २०२१ रोजी, खटला उभा राहण्यापूर्वी, जामिनाची वाट पाहतच ते मुंबईतल्या रुग्णालयात वारले. हे सांगताना आवाज खाली ठेवावा. सहानुभूती आणि इशारा एकाच वाक्यात बसतात.

यावर एखादे फादर म्हणतील, की मग मीच जामीन राहतो. त्यांना खुशाल राहू द्यावे. दारिद्र्याचे व्रत घेतलेल्या माणसाच्या नावावर ना सातबारा, ना घर, ना घरपट्टीची पावती. त्यांना ऐपतीचा दाखला कोणता तहसीलदार देणार? तेव्हा त्यांना पुन्हा तुमच्याच दाराशी यावे लागेल, हे ध्यानात ठेवून तुमची घरपट्टीची पावती कपाटाच्या कोणत्या कप्प्यात आहे, ते घरातल्या कोमल मनाच्या माणसांना कळू देऊ नये.