युद्धानंतरचं दूध

ब्रिटनमध्ये कुणा पिकल्या केसांच्या गृहस्थांनी ‘आमच्या लहानपणी’ अशी सुरुवात केली की मी मनातल्या मनात वजाबाकी करतो. दुसऱ्या महायुद्धात लागलेलं रेशनिंग पूर्ण उठलं ४ जुलै १९५४ ला. गृहस्थ १९५२ चे असले तर तेव्हा जेमतेम चालायला लागले होते. तरी आठवड्याचा दोन औंस चहा त्यांच्या जिभेवर असतो. (चहा १९५२ च्या ऑक्टोबरातच रेशनमधून सुटला होता. हे बोलू नये, वैर येतं.)

ऐकणाऱ्याने थोडी तयारी ठेवावी. कूपन दिलं तरी पैसे वेगळे मोजावे लागत. नाव एका दुकानात नोंदवलं की साखर-लोणी तिथूनच घ्यायचं. मटण वजनावर नव्हतं, किमतीवर होतं: ठरलेल्या पेन्सांत चांगला तुकडा घ्या नाहीतर हाडंबिडं जास्त घ्या. आपल्याला रेशनकार्ड जन्मापासून माहीत, म्हणून आपण उत्साहाने रॉकेलच्या रांगेवर येतो. तसं करू नये. दुःख त्यांचं आहे, आपण फक्त मान हलवायची.

पक्ष ओळखायचा असेल तर पावाचा विषय काढा. हिटलरच्या पाणबुड्या जहाजं बुडवत होत्या तेव्हाही पाव मोकळा मिळत होता. तो रेशनवर गेला युद्ध जिंकल्यावर, जुलै १९४६ मध्ये, आणि दोन वर्षं तिथेच राहिला. सरकार मजूर पक्षाचं, पंतप्रधान अ‍ॅटली. हुजूर पक्षाचा म्हातारा इथे खुलतो. मजूरवाला लगेच शाळेतल्या फुकट दुधावर उडी मारतो.

हे दूध म्हणजे खरी परीक्षा. १९४६ च्या कायद्याने प्रत्येक पोराला रोज एक-तृतीयांश पिंट, म्हणजे १९० मिलिलिटरच्या आसपास. हेतू उत्तम, घोटाळा सगळा साठवणुकीत. सकाळी आलेले क्रेट मधल्या सुट्टीपर्यंत अंगणात पडून. हिवाळ्यात दूध गोठून फुगायचं आणि पत्र्याचं पातळ झाकण वर उचललं जायचं. मग चिमणीहून लहान असे ब्लू टिट पक्षी येऊन वरची साय खायचे. साय वर यायचीच, कारण दूध होमोजिनाइज केलेलं, म्हणजे साय दुधातच एकजीव केलेलं, नसे. गोठलेलं विरघळावं म्हणून बाई बाटल्या हीटरजवळ ठेवायच्या, की झालं कोमट, साईचं, वासाचं दूध तयार. उन्हाळ्यात हीटरचीही गरज नसे. पोरं नाक दाबून प्यायची, नाहीतर कुंडीत ओतायची.

पण १९७१ मध्ये हुजूर पक्षाच्या शिक्षणमंत्री मार्गारेट थॅचर यांनी सात वर्षांवरच्या मुलांचं दूध बंद केलं, आणि त्या दिवसापासून ते अमृत झालं. ‘दूधचोर’ हे बिरूद बाईंना आयुष्यभर चिकटलं. माध्यमिक शाळांचं दूध त्याआधीच, १९६८ मध्ये, विल्सन यांच्या मजूर सरकारने बंद केलं होतं. त्याबद्दल मी आजवर एकाही मजूरवाल्याला हळहळताना पाहिलेलं नाही.

दुधावरून गाडी बीबीसीवर येते. ‘तेव्हाची बीबीसी निःपक्षपाती होती!’ होतीच. पुढच्या पंधरा दिवसांत संसदेत चर्चेला येणाऱ्या विषयावर बोलायलाच तिला मनाई होती. हा नियम १९५६ मध्ये, सुएझ कालव्यावरून पेटलेल्या युद्धाच्या धामधुमीत, सुटला. गप्प बसणाऱ्यावर पक्षपाताचा आरोप कोण करणार?

आता मात्र डावा म्हणतो बीबीसी उजवी, उजवा म्हणतो डावी, आणि दोघांचं एकमत होतं ते लायसन्सवर, म्हणजे टीव्ही बघण्यासाठी दरवर्षी भरायच्या, बीबीसी चालवणाऱ्या शुल्कावर. पंचाहत्तरी ओलांडलेल्या सगळ्यांना ते फुकट होतं. ऑगस्ट २०२० पासून फक्त पेन्शन क्रेडिट, म्हणजे कमी उत्पन्नाच्या निवृत्तांची सरकारी मदत, मिळणाऱ्यांनाच उरलं. खर्चाचं ओझं सरकारने २०१५ मध्येच बीबीसीवर ढकललं होतं, पण पैसे मागणारं पत्र येतं लायसन्स वसूल करणाऱ्यांचं, म्हणून शिव्याही त्यांनाच. या विषयाला तोंड फुटलं की दूध, पाव, अ‍ॅटली, थॅचर सगळे मागे पडतात, आणि ‘तसंही टीव्हीवर बघण्यासारखं काही नसतंच’ असं सांगणारे गृहस्थ काल रात्रीच्या चारही कार्यक्रमांतल्या चुका क्रमवार सांगू लागतात.