‘माझं’ म्हणता येणे हीदेखील प्रगतीच आहे

अडीच वर्षांचे मूल खेळणे वाटून घेत नसेल तर ते हट्टी होत चालले आहे असे समजावे, हे लहान मुलांच्या हट्टीपणावरील एका लेखात वाचलेले विधान मला पटले नाही. सोलापूरच्या पूर्व भागात अंगणवाडी सेविका म्हणून काम करताना मी या वयाची मुले रोज पाहिली. ती शेजारी शेजारी बसून आपापला खेळ खेळतात. अमेरिकेतील संशोधक मिल्ड्रेड पार्टेन यांनी १९३२ मध्येच या समांतर खेळाची नोंद केली होती. स्वतःची वस्तू कोणती हे ज्याला नुकते उमगले आहे, त्याच्याकडून ती लगेच सोडण्याची अपेक्षा करणे घाईचे आहे.

भाषेचा मुद्दा तर लेखात आलेलाच नाही. आमच्याकडे विड्या वळणाऱ्या आयांची, घरी तेलुगू बोलणारी अनेक मुले येत. एक मुलगा डब्याचे झाकण छातीशी धरून ‘नादि, नादि’ ओरडायचा आणि कोणी ओढले की चावायचा. ‘नादि’ म्हणजे ‘माझं’, हे समोरच्या मराठी मुलीला कळत नव्हते, आणि (खरे सांगायचे तर) सुरुवातीला मलाही नाही. मी त्याला कोपऱ्यात बसवत असे, ती माझी चूक. पुढे दोघांच्या मध्ये बसून ‘हे त्याचं आहे, त्याचं झालं की तुला’ असे दोन्ही भाषांत म्हणू लागले आणि दुसरे झाकण आणून ठेवले. चावणे हळूहळू थांबले. झाकण मात्र त्याने बरेच दिवस कोणाला दिले नाही.