भिजलेला शर्ट कसा पाहावा

सगळ्यात आधी जीभ सांभाळा. तुम्ही पाहता ती मालिका नव्हे. मालिका शेजारच्या काकू पाहतात, संध्याकाळी सात ते साडेनऊ, कुकरच्या शिट्ट्या मोजत. तुम्ही ‘पीरियड ड्रामा’, म्हणजे जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांवरचं नाट्य पाहता, तेही बीबीसीचं. सोमवारी ऑफिसात कुणी विचारलं, शनिवार-रविवार काय केलंत, तर ‘सिरीयल बघितली’ असं चुकूनही म्हणू नका. ‘पुन्हा जेन ऑस्टिन काढली होती,’ म्हणा. ऐकणाऱ्याला वाटेल तुम्ही पुस्तक काढलं होतं. वाटू द्या, आपलं काय जातंय.

एखादा खवट माणूस विचारेलच की फरक काय? ऑस्टिनची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’च घ्या: पाच मुली, त्यांची लग्नं, आईचा जीव टांगणीला, इस्टेटीवर हक्क सांगणारा चुलत भाऊ, परक्या पोराबरोबर पळून गेलेली धाकटी आणि ‘माझ्या भाच्याचा नाद सोड’ म्हणून घरी येऊन दम देणारी मुलाची मावशी. हे तर काकूंच्या चॅनेलवर रोज चालू आहे! अशा वेळी चिडायचं नाही. किंचित हसायचं आणि म्हणायचं, ‘आपल्याकडे पार्श्वसंगीत फार असतं हो.’

मात्र ‘ब्लीक हाउस’चा विषय त्या माणसासमोर काढू नका. बीबीसीनं २००५ मध्ये डिकन्सच्या या कादंबरीचे १५ भाग केले. पहिला तासाभराचा, बाकीचे अर्ध्या अर्ध्या तासाचे, आठवड्यातून दोनदा, आणि तेही ‘ईस्टएंडर्स’ नावाच्या तिथल्या अखंड चालणाऱ्या घरगुती मालिकेला जोडून. कॅमेरा एका जागेवरून दुसरीकडे जाताना धडामधुडूम आवाज करत चेहऱ्यांवर झेप घेतो. मधेच एक दारुडा रद्दीवाला बसल्या जागी आपोआप जळून खाक होतो. आग कुणी लावली नाही, काही नाही. काकूंच्या मालिकेत हे घडलं असतं तर तुम्ही कॉलनीभर सांगत सुटला असता. इथे मात्र ‘डिकन्सची प्रतीकयोजना’ म्हणायचं. खुद्द डिकन्सनं ही कादंबरी १८५२-५३ मध्ये एका शिलिंगाच्या मासिक अंकांतून हप्त्याहप्त्यानं लिहिली होती आणि वाचकाला पुढच्या महिन्यापर्यंत अधांतरी कसं लटकवायचं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. हे तर घरातसुद्धा बोलू नका.

आता बैठक. एसी वीसवर आणून पांघरूण घ्यावं, म्हणजे इंग्लंड जवळ येतं. चहा बिनदुधाचा करावा आणि आवडला नाही तरी प्यावा. सबटायटल्स लावावीत, कुणी खोलीत आलं की बंद करावीत. तिसऱ्या भागापासून तुमच्या तोंडात आपोआप ‘इनडीड’ येऊ लागेल, त्याला इलाज नाही. मोठं घर, हिरवळ आणि कमरेत वाकून केलेलं अभिवादन दिसलं की एक उसासा सोडून ‘काय काळ होता!’ म्हणायचं. त्या काळात आपण कोण असतो हे ठरवायची गरज नाही, ते ठरलेलंच असतं. आजवर एकाही प्रेक्षकाला आपण पहाटे पाचला उठून मालकिणीच्या आंघोळीचं पाणी तिसऱ्या मजल्यावर चढवणारी पोर असतो असं वाटलेलं नाही. आपण सगळे दिवाणखान्यातले. एका रविवारी मी असाच उसासा सोडला तेव्हा आमच्या मावशींनी खाडा केला होता आणि सिंकमध्ये आदल्या रात्रीची कढई माझी वाट पाहत होती.

सासूबाईंबरोबर पीरियड ड्रामा पाहू नये, हा माझा अनुभवाचा सल्ला आहे. मी पाहिला. १९९५ चा ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’, कॉलिन फर्थ आणि जेनिफर एलीचा, पटकथा अँड्र्यू डेव्हिसची, एकूण भाग सहा. त्यांची मालिका त्या दिवशी क्रिकेटमुळे नव्हती, म्हणून त्या लसूण सोलायला घेऊन माझ्या शेजारी येऊन बसल्या. दहा मिनिटांत त्यांनी सगळी कथा ताब्यात घेतली.

‘पाची मुलीच? मग घर कुणाला?’

मी थाटात समजावलं की या घराण्याची मालमत्ता पुरुष वारसालाच जाईल अशी कायद्यानं बांधलेली आहे, वर्षाला दोन हजार पौंडांचं उत्पन्न आहे आणि बाप गेला की सगळं त्या बावळट पाद्र्याच्या, म्हणजे कॉलिन्सच्या घशात जाणार.

‘मग दत्तक का नाही घेतला?’

मी हसले. रसिकानं अशा वेळी हसायचंच असतं. इंग्लंडात दत्तकाचा कायदाच १९२६ साली झाला, तोवर दत्तकपुत्राला कायद्याच्या लेखी अस्तित्वच नव्हतं, आणि असली इस्टेट तर त्यानंही वाचली नसती. पण मग मला आठवलं की जेन ऑस्टिनचा सख्खा भाऊ एडवर्ड याला नाइट नावाच्या निपुत्रिक, गडगंज नातेवाइकांनी आपलासा केला होता. पुढे त्यानं आडनावही त्यांचंच लावलं. त्याला मिळालेल्या इस्टेटीतल्या चॉटन गावच्या लहानशा घरात १८०९ पासून जेन, तिची आई आणि बहीण राहत होत्या, आणि ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ १८१३ मध्ये छापून आली ती तिथूनच. म्हणजे लेखिकेच्या डोक्यावरचं छप्पर दत्तकाच्या पुण्याईनं आलेलं. हे मी सासूबाईंना सांगितलं नाही. रसिकतेची एक शिस्त असते.

त्यानंतर मुलींची आई, मिसेस बेनेट, किंचाळत आल्या. या बाईंना हसायचं, हा नियम आहे. नायिका त्यांच्यापायी शरमते, नवरा येताजाता टोमणे मारतो, कॅमेरासुद्धा त्यांच्या नाकाला नाक लावून उभा राहतो. सासूबाईंनी लसणीची पाकळी ताटलीत टाकली आणि म्हणाल्या, ‘पाच पोरी पदरात, घर जाणार, आणि नवरा पुस्तकात डोकं घालून बसलेला. ओरडेल नाही तर काय करेल?’ मी रिमोटनं आवाज वाढवला.

मग एलिझाबेथ आजारी बहिणीला भेटायला तीन मैल चिखल तुडवत जाते तो प्रसंग. कादंबरीत तिच्या पेटीकोटला सहा इंच चिखल लागल्याची नोंद आहे आणि त्यावर श्रीमंत बायका नाकं मुरडतात. आपण मात्र नायिकेच्या बाजूचे. स्वच्छंद! निसर्गाची लेक! सासूबाई एवढंच म्हणाल्या, ‘पांढरं नेसून कशाला जायचं? धुणार कोण?’ या प्रश्नाचं उत्तर सहा भागांत मिळत नाही.

सौंदर्याकडे वळू. नायकाचं, म्हणजे डार्सीचं, पेम्बर्ली हे घर पाहताना हात आपोआप छातीवर जायला हवा. बाहेरून दिसतं ते चेशरमधलं लाइम पार्क, आतून दिसतं ते डर्बीशरमधलं सडबरी हॉल, म्हणजे एका काउंटीत दार उघडायचं आणि दुसऱ्या काउंटीतल्या दिवाणखान्यात शिरायचं. लेकॉक नावाचं एक गाव तर या धंद्यात मुरलेलंच आहे. १९९५ मध्ये ते ऑस्टिनचं मेरिटन होतं, २००७ मध्ये डिकन्सच्या काळातल्या कादंबरीकार गॅस्केलबाईंचं ‘क्रॅनफर्ड’ झालं. आपल्याकडे एकच बंगला तीन मालिकांत दिसला की आपण निर्मात्याची कंजुषी काढतो. तिथे त्याला वारसा म्हणायचं. डार्सी तुला कधीपासून आवडू लागला, असं बहीण विचारते तेव्हा एलिझाबेथ कादंबरीत सांगते की पेम्बर्लीचा सुंदर परिसर पहिल्यांदा पाहिला तेव्हापासून. लेखिकेनं तो विनोद केला होता. तुम्ही तो तळमळीनं पाहा. डार्सीचे वर्षाला दहा हजार, त्याच्या मित्राचे, बिंगलीचे, चार-पाच हजार, हे आकडे नायकांच्या स्वभावाआधी गावभर होतात, त्याकडे लक्ष देऊ नका. स्थळाचं पॅकेज विचारणं हा आपला मागासलेपणा आहे.

आणि कुणी ‘ईस्ट इंडीज’ म्हणालं की लगेच चहाचा घोट घ्या. कर्नल ब्रँडन तिकडे नोकरी करून आलेला असतो. ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’त विलोबी त्याची टिंगल करतो ती नबाब, सोन्याच्या मोहरा आणि पालख्या काढूनच. ‘नॉर्थँगर ॲबी’तला नायक बहिणीसाठी अस्सल हिंदी मलमल पाच शिलिंग वारानं आणल्याची फुशारकी मारतो. ‘मॅन्सफिल्ड पार्क’मधल्या लेडी बर्ट्रमना तर भाचा पूर्वेला गेलाच तर तिकडची शाल हवी असते, मग बोलता बोलता त्या दोन शाली करतात. ऑस्टिनच्या शेवटच्या दोन कादंबऱ्या तिच्या मृत्यूनंतर १८१७ च्या डिसेंबरअखेरीस एकत्र प्रसिद्ध झाल्या. त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली होती आणि १७ तारखेला शनिवारवाड्यावर युनियन जॅक चढला होता. याचा इथे काय संबंध? काही नाही. चहा निवतोय.

आता मुख्य विषय, म्हणजे शर्ट. चौथ्या भागात डार्सी घोड्यावरून येतो, घामाघूम आहे, मन अस्वस्थ आहे, समोर तळं दिसतं आणि तो उडी मारतो. मग ओल्या शर्टानं चालत येतो तो थेट एलिझाबेथच्या समोर. या प्रसंगावर एका पिढीनं जीव टाकला. २०१३ मध्ये लंडनच्या हाइड पार्कमधल्या सर्पेंटाइन तळ्यात फर्थचा बारा फुटी पुतळा छातीपर्यंत पाण्यात उभा केला होता. कादंबरीत हे काहीच नाही. तिथे डार्सी तबेल्याकडून येणाऱ्या वाटेनं येतो, कोरडा ठणठणीत, दोघांची नजरानजर होते आणि दोघंही लाजून लालबुंद होतात. एवढंच. पण लाल झालेले गाल कोण पाहणार? शर्ट हवा. आणि तुमच्या भाबड्या मनाला धक्का देऊ नये, पण त्या तळ्यात फर्थ उतरलाच नाही. उडी मारली ती स्टंटमननं. उंदराच्या मुतातून होणाऱ्या वाइल्स रोगाची भीती होती, म्हणजे आपला लेप्टो. पाण्याखालचं दृश्य लंडनला ईलिंग स्टुडिओतल्या पाण्याच्या टाकीत घेतलं. मुंबईत दर पावसाळ्यात महापालिका कानीकपाळी ओरडते की साचलेल्या पाण्यातून चालू नका. आमच्या चाळीतले अर्धे पुरुष ओल्या शर्टानं रोज परततात, एकाचाही पुतळा झालेला नाही.

‘नॉर्थ अँड साउथ’ २००४ मध्ये केलं तेव्हा हीच कृपा झाली. गॅस्केलबाईंच्या कादंबरीत शेवट लंडनच्या एका घरातल्या खोलीत होतो, आणि नायक-नायिका दोघंही घरच्यांना काय वाटेल याची थट्टा करत असतात. मालिकेत ते चुंबन घेतात रेल्वे स्टेशनावर, दिवसाढवळ्या, गाडी उभी असताना. मी तो प्रसंग किती वेळा पाहिला हे सांगणार नाही. व्हिक्टोरियन फलाटावर गिरणीमालकानं गळ्याला टायसुद्धा न लावता असं काही केलं असतं तर गाव पेटलं असतं, पण रिचर्ड आर्मिटेज असल्यावर गावाचं काय घेऊन बसलात.

शेवटी पुस्तकाचा प्रश्न उरतो. ते घरात हवंच, मुखपृष्ठावर नट-नटीचा फोटो असलेलं चालेल. फक्त वाचायच्या भरीस पडू नका. वाचलंत तर एक खट्याळ बाई पानोपानी कोपऱ्यात उभी राहून सगळ्यांना हसताना सापडते. दिवाणखान्यांना हसते, दहा हजारांना हसते, उसासे सोडणाऱ्या पोरींना तर फारच. कॅमेऱ्याला ती दिसत नाही. दिसली तर पांघरुणात बसलेल्या तुम्हाला पाहून ती काय लिहील याची कल्पना करवत नाही.

बँक ऑफ इंग्लंडनं २०१७ मध्ये, ऑस्टिनच्या मृत्यूला दोनशे वर्षं झाली म्हणून, दहा पौंडांच्या नोटेवर तिचं चित्र छापलं. खाली तिचंच वाक्य घातलं की वाचनासारखा आनंद दुसरा नाही. सुंदर वाक्य. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये ते बिंगलीच्या बहिणीच्या, कॅरोलाइनच्या तोंडी आहे. डार्सी वाचत बसलेला असतो, म्हणून तीही पुस्तक घेते. कुठलं, तर त्याच्या पुस्तकाचा दुसरा खंड, आणि केवळ त्याचा दुसरा खंड म्हणूनच. एक डोळा त्याच्या पानावर. मग भलीमोठी जांभई देते, हे वाक्य म्हणते, कुणी काही बोलत नाही, तेव्हा आणखी एक जांभई देऊन पुस्तक बाजूला भिरकावते.

तेव्हा तुम्हीही पुस्तक मांडीवर उघडं ठेवा, बाहेरून येणाऱ्याला मुखपृष्ठ दिसेल असं. जांभई आलीच तर तोंडावर हात धरा आणि दुसऱ्या हातानं रिमोट शोधा. चौथा भाग लावा. तळं शेवटाकडे आहे.