संत्र्यांच्या घरात खोकला

आम्ही नागपूरचे. आमच्याकडे संत्रं हातगाडीवर गोणपाट अंथरून बसतं. व्हिएन्नात मात्र त्याच्यासाठी शॉनब्रुन राजवाड्याच्या आवारात 189 मीटर लांब घर आहे, रुंदी जेमतेम 10 मीटर. म्हणजे गाडी यायच्या आधीचा फलाटच! ऑस्ट्रियाच्या राणीच्या, मारिया तेरेसाच्या यजमानांनी 1754-55 च्या सुमारास ते बांधवलं. हिवाळा लागला की कुंड्या आत, आणि फरशीखालून गरम हवा. आता तिथे मोझार्ट आणि स्ट्राउस या संगीतकारांच्या रचना वाजवतात. लेकीने तिकिटं काढली आणि डिसेंबरच्या एका रात्री आम्हा दोन कुंड्यांना नेऊन तिथे ठेवलं.

आत ऊब होती, खुर्ची बरी होती आणि घशात खवखव होती.

आपल्याकडे मैफलीत खोकला आला तर ‘वा!’ म्हणून त्यात दडपता येतो. इथे ‘वा’ला बंदी. मांडीवर ताल धरला तर शेजारच्या आजी माझ्या मांडीकडे बघायला लागल्या. एक चीज संपली म्हणून मी मनापासून टाळ्या वाजवल्या. अख्ख्या सभागृहात मी एकटाच! संपला होता तो चारांतला पहिला हिस्सा. उरलेले तीन झाल्याशिवाय दाद द्यायची नसते म्हणे. हिने कोपर मारलं. मग लवंगेची पुडी काढली. ते प्लॅस्टिक चुरचुरलं ते पहिल्या व्हायोलिनपर्यंत पोचलं असावं. दुसरं कोपर.

म्हटलं, मन रमवावं. याच वास्तूत 7 फेब्रुवारी 1786 ला सम्राट दुसऱ्या जोसेफने पाहुण्यांना जेवायला घातलं आणि दोन टोकांना दोन रंगमंच उभारले. एकीकडे मोझार्टचा खेळ, दुसरीकडे सालिएरी या दुसऱ्या संगीतकाराचा. मंडळी एकीकडचं ऐकून झाल्यावर दुसरीकडे तोंड फिरवून बसली. मोझार्टच्या खेळात दोन गायिका पहिला मान कुणाचा यावरून भांडतात (आमच्या संगीत नाटक मंडळींत वेगळं काय होतं?). बिदागी मोझार्टला 50 दुकाट (म्हणजे सोन्याची नाणी), सालिएरीला 100. त्या रात्री कुणाला खोकला आला असेल का? आला असेल तर तो वाढप्यांच्या ताटवाट्यांत खपला असणार. माझ्या तिकिटात जेवण नव्हतं.

आता डोळ्यांतून पाणी यायला लागलं. शेजारच्या आजींना वाटलं, मी सुरांनी हेलावलोय. त्यांनी प्रेमाने हात थोपटला. मी मान डोलावली, कारण तोंड उघडण्याची सोय नव्हती.

शेवटी राडेट्स्की मार्च ही स्ट्राउसची लष्करी थाटाची धून लागली आणि कंडक्टर एकदम आमच्याकडे वळून टाळ्यांची खूण करू लागला. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. दोनदा कोपर खाल्लेला माणूस तिसऱ्यांदा फसत नाही!

“अहो, आता वाजवा की!” ही ओरडली.

सगळे ठेक्यात टाळ्या पिटत होते, आजीसुद्धा. मी हात सोडवले आणि त्या कडकडाटाच्या आडोशाने पोटभर खोकून घेतलं. अगदी तालात.