वेड पांघरून पेडगावला गेलेला नॉर्म मॅकडोनाल्ड

विनोद करणाऱ्या माणसाला विचारवंत ठरवून टाकायची जी पद्धत हल्ली पडली आहे, ती मला अजिबात पटत नाही. का पटत नाही, हे मला नॉर्म मॅकडोनाल्ड या एका विनोदवीरामुळे नीट उमगलं. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, सवडीने वाचा.

आपल्याकडे त्याचं नाव फारसं कुणी घेत नाही. नॉर्म मूळचा कॅनडाचा. १९५९ साली क्विबेक सिटीत जन्मला, अमेरिकेत जाऊन नाव कमावलं आणि १४ सप्टेंबर २०२१ रोजी गेला. रक्ताचा कर्करोग होता. जवळपास नऊ वर्षं होता, आणि अगदी जवळची मोजकी माणसं सोडली तर त्याने कुणाला पत्ता लागू दिला नाही. त्या काळात तो गावोगाव कार्यक्रम करत होता, टीव्हीवर येत होता, पुस्तक लिहीत होता. त्याच्यासोबत उभी हयात घालवलेल्या अनेक विनोदवीरांनासुद्धा तो गेल्याची बातमी आली तेव्हाच आजार कळला. आजच्या जमान्यात, जिथे दवाखान्यातल्या सलाइनचा फोटो आधी टाकला जातो आणि घरी फोन नंतर जातो, तिथे एका प्रसिद्ध माणसाने हे केलं. या माणसाकडे पाहावं असं मला वाटायला एवढंसुद्धा पुरेसं होतं.

त्याचं बोलणं पहिल्यांदा ऐकलं की वाटतं, हा गडी कुठल्या तरी आडगावातून आत्ताच उतरलाय. सावकाश बोलायचा. शब्द सापडत नसल्यासारखा थांबायचा. मधेच आजोबांच्या वेळचा एखादा शब्द वापरायचा. डोळ्यांत मिश्कील चमक, पण चेहरा असा की "मला काय कळतंय बुवा यातलं". आणि हाच माणूस घरी टॉलस्टॉय आणि चेखव वाचत बसायचा, ट्विटरवर अनोळखी लोकांशी पुस्तकांवर बोलायचा. रंगमंचावर मात्र त्या वाचनाची फुशारकी त्याने कधी मारली नाही. आपल्या तमाशातला सोंगाड्या हेच करत आला आहे. वगात राजा असतो, प्रधान असतो, सगळे शहाणे असतात, आणि येडबंबू म्हणून आलेला सोंगाड्या सगळ्यांची बिंगं फोडून जातो. तो स्वतः शहाणा आहे असं त्याने एकदा जरी सांगितलं, तरी वग तिथेच पडतो.

नॉर्मचा पतंगाचा किस्सा यासाठी बघायलाच हवा. दिव्यावर झेपावतो तो पतंग. २००९ साली कॉनन ओब्रायनच्या अमेरिकी टीव्हीवरच्या गप्पांच्या कार्यक्रमात त्याने तो सांगितला. एक पतंग पायाच्या डॉक्टरकडे जातो. डॉक्टर विचारतो, काय होतंय? आणि पतंग रडगाणं सुरू करतो. मी दिवसभर अमक्या रशियन मालकाकडे राबतो, काय काम करतो ते मलाच ठाऊक नाही, मालकालाही ठाऊक नसावं, पण माझ्यावर सत्ता चालवण्यात त्याला सुख आहे. रात्री जाग येते तेव्हा शेजारी एक म्हातारी दिसते, तिच्यावर कधीकाळी माझं प्रेम होतं. धाकटी पोर गेल्या हिवाळ्यात थंडीने गेली. मुलावर आता माया उरली नाही, कारण त्याच्या डोळ्यांत मला माझाच भेकडपणा दिसतो. हे असं वाढतच जातं. कॉनन अस्वस्थ, प्रेक्षक अर्धवट हसतायत, कुठे चाललंय हे कुणालाच कळत नाही. शेवटी डॉक्टर म्हणतो, अरे बाबा, तुला मानसोपचारतज्ज्ञाची गरज आहे, पायाच्या डॉक्टरकडे कशाला आलास? पतंग म्हणतो, "दिवा चालू दिसला म्हणून."

बस, एवढंच.

माझ्या भाच्याला मी हा व्हिडिओ दाखवला. कॉलेजात आहे, दिवसभर रील्स बघतो. सुरुवातीला तो मान हलवत बघत होता, मग त्याचा अंगठा स्क्रीनवर जायला लागला, पुढे ढकलायला. म्हटलं, हात काढ. मुलीच्या मरणाचा भाग आला तेव्हा तो म्हणाला, "मामा, यात जोक कुठेय?" शेवटचं वाक्य आलं आणि पोरगा क्षणभर गप्प बसला, मग असा हसला की आतून ताई बघायला आली. नंतर म्हणाला, परत लाव. दुसऱ्यांदा बघताना तो सुरुवातीपासूनच हसत होता, कारण आता त्याला कळत होतं की ही अख्खी रशियन कादंबरीतली दुःखं या माणसाने एका पोरकट वाक्यासाठी रचली आहेत. त्या किश्श्यात किती वाचन मुरलंय ते बघा. रशियन लेखकांचा सूर अंगात भिनलेला असल्याशिवाय ती नक्कल जमत नाही. पण ज्याने एकही रशियन पुस्तक हातात घेतलेलं नाही, तोसुद्धा तितकाच हसतो. बुद्धी वापरायची कशी, याचं याहून चांगलं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

उलट आता चाललंय काय? विनोदवीर मंचावर येतो, समाजातल्या एखाद्या प्रश्नावर चार वाक्यं बोलतो, आवाज खाली आणतो, थांबतो. टाळ्या पडतात. हसू आलेलं नसतं. खाली लिहिलेलं असतं, "सत्य बोलला भाऊ". हसू माणसाला आवरत नाही, ते आतून येतं. टाळी मात्र ठरवून वाजवता येते. "मी तुझ्या बाजूचा आहे" हे सांगायला टाळी चालते. म्हणजे माणसं तिथे हसायला आलेलीच नसतात, आपलं मत कुणीतरी माइकवरून बोललं याचं समाधान घ्यायला आलेली असतात. यात कुठलीही एक बाजू मला अभिप्रेत नाही. सगळ्याच बाजूंचे विनोदवीर आहेत आणि सगळ्यांचेच टाळ्या वाजवणारे ठरलेले आहेत. सभेला जी गर्दी व्हायला हवी ती विनोदाच्या कार्यक्रमाला व्हायला लागली, तर विनोद कुठे जाणार?

नॉर्मला टाळी नको होती. कधीकधी वाटतं, त्याला हसूसुद्धा सोपं नको होतं. २००८ साली बॉब सॅगेट या त्याच्या मित्राचा 'रोस्ट' झाला, म्हणजे सगळ्यांनी जमून एकाची टिंगल करायचा कार्यक्रम. तिथे एकाहून एक घाणेरडं बोलण्याची चढाओढ असते. नॉर्म उठला आणि निवृत्तीच्या समारंभात सांगावेत असले जुनेपुराणे, सोवळे विनोद कागदावरून वाचायला लागला. "बॉबचा चेहरा फुलासारखा आहे. हो, फुलकोबीसारखा." प्रेक्षक गोंधळले. मागे बसलेले विनोदवीर मात्र खुर्चीतून पडायच्या बेतात आले, कारण त्यांना दिसत होतं की जिथे धक्का देणं हाच धंदा झालाय तिथे कुणालाही न दुखावणं हाच मोठा धक्का आहे. आणि शेवटी त्याने सरळ, मनापासून बॉबला सांगितलं की तू कधी कुणाबद्दल वाईट बोलत नाहीस, आणि माझा तुझ्यावर जीव आहे.

प्रसिद्धीचं म्हणाल, तर तिने त्याला चांगलं वाजवून घेतलं. १९९४ पासून तो 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या अमेरिकी टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमात बातम्यांचं विडंबन करायचा. ती अमेरिकेतल्या विनोदवीराला मिळू शकणाऱ्या मोठ्या खुर्च्यांपैकी एक. १९९५ साली ओ. जे. सिम्पसन हा तिथला प्रसिद्ध माजी फुटबॉलपटू खुनाच्या खटल्यातून सुटला, तेव्हा नॉर्मने बातमी दिली की कॅलिफोर्निया राज्यात खून आता अधिकृतपणे कायदेशीर झाला आहे. सिम्पसनवरचे विनोद त्याने पुढेही थांबवले नाहीत. हा कार्यक्रम दाखवणाऱ्या एनबीसी वाहिनीचे वरिष्ठ अधिकारी डॉन ओल्मायर हे सिम्पसनचे मित्र. १९९८ च्या सुरुवातीला नॉर्मला त्या खुर्चीवरून काढलं, कारण दिलं की तो विनोदी नाही. लोक म्हणाले की हा सिम्पसनवरच्या विनोदांचा सूड आहे. दुसरा कुणी असता तर त्याने हुतात्म्याचा हार गळ्यात घालून उरलेलं आयुष्य काढलं असतं. नॉर्म मात्र सांगत राहिला की त्या माणसाला मी विनोदी वाटलो नाही, एवढंच. आणि गंमत म्हणजे १९९९ च्या ऑक्टोबरात त्याच कार्यक्रमाने त्याला पाहुणा सूत्रसंचालक म्हणून बोलावलं. मंचावर उभं राहून त्याने विचारलं, दीड वर्षापूर्वी मी इमारतीत पाऊल ठेवण्याइतकाही विनोदी नव्हतो, मग आज अचानक कसा झालो? मग म्हणाला, मी काही जास्त विनोदी झालेलो नाही, हा कार्यक्रमच फार वाईट झालाय. यजमानाच्या घरात, यजमानाच्या माइकवरून.

२०१६ साली त्याचं पुस्तक आलं. प्रकाशकाला आणि वाचकाला हवं होतं आत्मचरित्र: प्रसिद्ध माणसांचे किस्से, व्यसनांची कबुली, दुःखाचं प्रदर्शन. त्याने आत्मचरित्राच्या नावाखाली जवळजवळ एक कादंबरी लिहून दिली. त्यात खरं काय नि रचलेलं काय हे वाचणाऱ्याने शोधत बसावं. स्वतःचं दुःख उघडं करून विकणं ही कला आहे असं तो मानत नव्हता. मला यात त्याची शालीनता दिसते. स्वतःबद्दल सतत बोलणं म्हणजे प्रामाणिकपणा, असं आपण कधीपासून मानायला लागलो?

आता जो किस्सा मला सगळ्यात जवळचा आहे त्याकडे येतो. २०११ च्या त्याच्या कार्यक्रमात एक काका आहे, आतड्याच्या कर्करोगाने आजारी. नॉर्म म्हणतो, पूर्वी माणूस आजारी पडायचा आणि मरायचा. आता त्याला लढाई करावी लागते. मी काकाची लढाई बघून आलो. तो पलंगावर पडलेला असतो, हाताला नळी लावलेली असते आणि टीव्हीवर जुनी मालिका बघत असतो. आणि तो गेला की लोक म्हणणार, लढाई हरला. म्हणजे आयुष्यात शेवटची गोष्ट काय केली, तर हरला! पुढे तो म्हणतो, मी काही डॉक्टर नाही, पण माणूस मरतो तेव्हा त्याच क्षणी कर्करोगही मरतो. याला हार म्हणत नाहीत, हा सामना बरोबरीत सुटला.

आमचे थोरले मामा कर्करोगाने गेले. शेवटच्या दिवसांत ते खाटेवर पडून असायचे आणि कुणी गावाकडून भेटायला आलं की विचारायचे, "लासलगावला कांद्याला काय भाव निघाला?" कुणी कमी भाव सांगितला की तोंडातल्या तोंडात एक शिवी द्यायचे आणि कूस वळवायचे. ही त्यांची लढाई. ते गेल्यावर चौकात फ्लेक्स लागला, त्यावर मोठ्या अक्षरांत होतं, 'कर्करोगाशी दिलेली झुंज अखेर अपयशी'. आयुष्यभर कर्ज काढून जमीन राखलेला, तीन पोरी शिकवून मार्गी लावलेला माणूस, आणि फोटोखाली 'अपयशी'. लिहिणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. वर्तमानपत्रात रोज तेच वाक्य छापून येतं, त्यांनी तेच उचललं. पण मला तो शब्द टोचत राहिला, का टोचतो ते सांगता येत नव्हतं. नॉर्मचा हा किस्सा ऐकला तेव्हा कुणीतरी माझ्या मामांची बाजू घेतली असं वाटलं. हसता हसता डोळे भरून आले. हा किस्सा त्याने सांगितला तेव्हा त्याला स्वतःला आजार झालेला नव्हता. पुढे झाला, आणि त्याने 'लढवय्या' ही पदवी कुणाला आपल्याला चिकटवूच दिली नाही. जे मंचावर बोलला तेच जगला.

त्याचं सगळंच बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. २०१८ साली 'मी टू' आणि इतर वादांत अडकलेल्या मित्रांची कड घेताना तो जे बोलला ते चुकीचं होतं. ज्या बायकांनी भोगलं त्यांच्यापेक्षा मित्रांच्या बुडालेल्या धंद्याची काळजी त्यात जास्त होती. एका कार्यक्रमातून त्याला ऐनवेळी वगळलं. त्याने माफी मागितली, आणि ते सावरताना डाउन सिंड्रोम या जन्मजात व्याधीचा उल्लेख करून आणखी बिघडवलं. त्याचे चाहते हा भाग गाळतात. मी गाळणार नाही. माणूस आवडतो म्हणून त्याची चूक कमी होत नाही.

पण मे २०१५ मधला तो प्रसंगही तितकाच खरा. टीव्हीवरच्या गप्पांच्या कार्यक्रमाचे नामवंत सूत्रसंचालक डेव्हिड लेटरमन निवृत्त होत होते, त्यांच्या कार्यक्रमाचे शेवटचे दिवस. नॉर्मने आपले विनोद केले आणि शेवटी थांबला. म्हणाला, लेटरमन यांना भावुकपणा चालत नाही हे मला माहीत आहे, पण एखादी गोष्ट खरी असेल तर ती भावुक नसते. आणि रडत रडत सांगितलं की माझं तुमच्यावर प्रेम आहे. आयुष्यभर येडं होऊन वावरलेल्या माणसाचा आवाज फुटताना ऐकणं सोपं नाही.

ज्यांनी त्याला कधीच पाहिलं नाही त्यांनी कापलेल्या तुकड्यांपासून सुरुवात करू नये. पतंगाचा किस्सा अख्खा बघा, मग हा लेटरमनचा निरोप. आणि मग २०२२ साली नेटफ्लिक्सवर आलेला त्याचा शेवटचा कार्यक्रम. २०२० च्या उन्हाळ्यात, उपचारासाठी दवाखान्यात जाण्याआधी, आपण वाचलो नाही तर हा कार्यक्रम राहून जायला नको म्हणून त्याने तो घरातच एका बैठकीत चित्रित करून ठेवला. समोर प्रेक्षक नाही. कानाला हेडफोन, पुढे माइक. मधेच कुत्रा भुंकतो. मधेच त्याचा फोन वाजतो, तर तो समोरच्याला सांगतो की मी नंतर करतो, आत्ता टीव्हीचा कार्यक्रम करतोय, आणि पुढे बोलायला लागतो. हसणारं कुणी नसताना विनोदाच्या जागा त्याने अचूक पकडल्या आहेत. तो संपल्यावर लेटरमन, शॅपेल, सँडलर अशी मोठमोठी मंडळी एकत्र बसून त्याच्याबद्दल बोलतात. तो भाग चांगला आहे, पण त्याच रात्री बघू नका. नॉर्मचं संपलं की बंद करा, बाकीचं दुसऱ्या दिवशी.